रिकामी कॅसेट

गोळीबार चौकात, एप्रिलअखेरच्या दुपारी, चव्वेचाळीस डिग्रीत
निमज्यांनी माझ्या गाडीचा डॅशबोर्ड उघडला
आणि म्हणाले, "बाई, याले काऊन फेकता जी?
कंपनीचा हाय. आवाज पाहा, अजून भारदस्त."
मी कुठे फेकत होते?
सत्त्याण्णवची गाडी, तिच्याच रंगाचा रेडिओ,
बटणांवरची अक्षरं माझ्याच बोटांनी पुसलेली.
उमरेडच्या शाळेत जाता-येता
मोबाइलमधलं काहीबाही त्याच्या तोंडून ऐकू यावं,
एवढंच.

सीताबर्डीवर तिघांनी सांगितलं, नवा लावा.
निळे दिवे, पडदा, डिकीत धडधडणारा डबा,
थोडा डॅशबोर्ड कापावा लागेल.
निमजे कापत नाहीत.
त्यांचे वडील तांडापेठेत मागावर बसायचे,
तुटला धागा असा जोडायचे
की अंगठा फिरवला तरी गाठ सापडू नये.
मुलाच्या हाती माग नाही, सोल्डरिंग गन आहे,
पण वायर जोडून झाली की
तोही अंगठा फिरवून बघतो.

"टेपचा आवाज इथून येते. आपण इथं मधात घुसायचं.
पण या बुढ्याले वाटलं पाह्यजे का कॅसेट चालू हाय,
नाही तं दरवाजाच नाही उघडत."

मग खोक्यातून एक कॅसेट काढली,
पाच स्क्रू सोडवून फीत ओढून टाकली,
तपकिरी, संपता संपेना.
टेबलाखालच्या मांजरीनं ती लगेच ताब्यात घेतली.
रिकामी चाकं परत बसवली.
यापुढे ही कायम आत फिरणार,
स्वतः काही न बोलता,
दुसऱ्याच्या बोलण्यासाठी जागा धरून.
अशा काही बायका मी ओळखते. असो.

बॅटरी जोडली. रेडिओ जागा झाला
आणि त्यानं चार आडव्या रेघा दाखवल्या.
कोड.
मी चोरीचा तर नाही ना, असं स्वतःबद्दलच विचारत होता.
आकडा कार्डावर. कार्ड पुस्तिकेत.
अकरा वर्षांपूर्वी वाटणीत गाडी मला आली
आणि पुस्तिका हेमराजच्या कागदांत गेली, मनीषनगरला.
तेव्हा कोण बघत होतं.

"लय वेळा चुकलं का कायमचा बंद," निमजे म्हणाले.
लग्नाची तारीख टाकून पाहिली नाही,
एवढी अक्कल आहे मला.
फोन केला.
पलीकडे कूलरचा आवाज, मग त्याचा, थोडा म्हातारा.
"रेडिओचा कोड," मी म्हटलं.
"सहा दोन नऊ चार."
शोधतो म्हणाला नाही. थांब म्हणाला नाही.
कारखान्यानं दिलेला आकडा,
कुणाच्याच वाढदिवसाचा नव्हे.
"अजून चालतो?"
"चालवतेय."
मग थोडा वेळ दोघांकडचे कूलरच बोलले.

दिवा लागला. आधी आली ती गुणगुण,
गाडी रेस केली की वर चढणारी, डासासारखी.
"अर्थिंग," म्हणत निमज्यांनी
काडेपेटीएवढी एक डबी मध्ये टाकली,
माझा मोबाइल तोंडाशी धरून काही रेकॉर्ड केलं, तार खुपसली,
आणि चारही दारांतून निमजे बोलले:
हॅलो, चेक, एक, दोन, साडेतीन.
साडेचारशे रुपये. पावती नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळची शाळा. उमरेड रोड.
दिघोरीपर्यंत काहीच लावलं नाही,
आतल्या चाकांची बारीक खरखर ऐकत गेले.
मग पाचवीतल्या रुखमाचं वाचन लावलं, धडा तिसरा.
'प्रयत्न' या शब्दाशी ती तीनदा अडखळली.
चौथ्यांदा मीच मोठ्यानं म्हटला
आणि मागचा ट्रक हॉर्न वाजवत पुढे गेला.